ट्रंकेतल्या नोटा: भाव विचारण्याआधी पाठ वाचा

प्रश्न थोडक्यात असा. आजोबांच्या लोखंडी ट्रंकेत जुन्या नोटा निघाल्या: पाचाच्या ट्रॅक्टरवाल्या बत्तीस, विसाच्या कोणार्कचं चाक असलेल्या सात, शंभराच्या धरणवाल्या चार, एकाच्या नोटांची एक अख्खी गड्डी आणि मंदिराचं चित्र असलेली हजाराची एक भलीमोठी नोट. शिवाय आजीच्या डाळीच्या डब्यातून २०१६ साली रद्द झालेल्या पाचशेच्या चौदा. ट्रॅक्टरच्या नोटेला लाखो रुपये मिळतात असा व्हिडिओ भावाने पाठवला आहे. विकाव्यात की ठेवाव्यात, ठेवल्या तर कशा, आणि नोटांवरच्या वारशाचा संग्रह करायचा झाला तर सुरुवात कुठून करावी?

मी तीसहून अधिक वर्षं भारतीय कागदी चलन जमवतोय. ट्रंकेचे फोटो मला दर महिन्याला कुणी ना कुणी पाठवतं, आणि नव्वद टक्के लोकांचा पहिला प्रश्न ट्रॅक्टरचाच असतो. म्हणून तो आधी निकालात काढू.

पाचाच्या ट्रॅक्टरला लाख रुपये मिळत नाहीत. ही नोट वर्षानुवर्षं प्रचंड संख्येने छापली गेली. तिची छपाई १९९५ मध्ये थांबली होती, पण पुढे गांधीजींच्या चित्राच्या मालिकेतही ती काही काळ निघाली, ट्रॅक्टर तोच. घरोघरी देवाच्या पेटीत, पुस्तकांच्या पानांत ती पडून आहे. जी वस्तू सगळ्यांकडे आहे तिला कोण लाख देईल? त्या व्हिडिओंचा धंदा वेगळाच असतो. तुम्ही नोटेचा फोटो पाठवायचा, समोरचा सौदा पक्का करतो, मग 'नोंदणी शुल्क', 'कर', 'रिझर्व्ह बँकेचं कमिशन' अशा नावांनी तुमच्याकडूनच पैसे उकळतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर खुलासा केला होता की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारांत बँक नाही, ती कसलंही शुल्क किंवा कमिशन घेत नाही आणि तसा अधिकार तिने कुणाला दिलेलाही नाही. भावाला एवढं सांगा आणि तो नंबर ब्लॉक करायला लावा.

आता खरी गोष्ट. 'बंद झालेली नोट' हा शब्द आपण तीन निरनिराळ्या गोष्टींना वापरतो, आणि तिथूनच सगळा गोंधळ होतो.

पहिली गोष्ट, छपाई थांबली पण नोट अजून कायदेशीर आहे. तुमच्या पाचाच्या, विसाच्या, शंभराच्या आणि एकाच्या नोटा यात येतात. दुकानदार नाक मुरडेल, पण कायद्याने त्या पैसेच आहेत. दुसरी, नोट चलनातून मागे घेतली पण रद्द केली नाही. दोन हजाराची नोट १९ मे २०२३ ला मागे घेतली गेली ती अशी. त्याआधी २०१४ मध्ये २००५ पूर्वीच्या नोटा मागे घ्यायचं जाहीर झालं, तेही असंच होतं. त्या ओळखायच्या सोप्या: पाठीवर खालच्या कडेला छपाईचं वर्ष नसतं. तिसरी गोष्ट म्हणजे रद्दच. तारखेनंतर तो कागद पैसा राहत नाही. आपल्याकडे हे तीनदा झालं: १२ जानेवारी १९४६, १६ जानेवारी १९७८ आणि ८ नोव्हेंबर २०१६. तुमची हजाराची नोट १९७८ ची शिकार, पाचशेच्या चौदा २०१६ च्या.

त्या चौदांबद्दल जरा थांबून बोलतो, कारण इथे प्रश्न हौसेचा नाही, कायद्याचा आहे. २०१७ साली संसदेने केलेल्या कायद्यानुसार रद्द झालेल्या पाचशे आणि हजाराच्या मिळून दहापेक्षा जास्त नोटा कुणालाही बाळगता येत नाहीत. अभ्यास, संशोधन किंवा मुद्रासंग्रह हा हेतू असेल तर मर्यादा पंचवीस. त्याहून जास्त सापडल्या तर दंड दहा हजार रुपयांपर्यंत किंवा दर्शनी किमतीच्या पाचपटीपर्यंत, यांतला जो मोठा तो. शिवाय कायद्याच्या शब्दांत बाळगणं, देणं आणि घेणं हे तिन्ही आहे, आणि सूट आहे ती बाळगण्याला. त्यामुळे या नोटांची खरेदी-विक्री मी करत नाही आणि कुणाला करा म्हणतही नाही. तुम्हाला खरोखर संग्रह करायचाय, तर चौदा नोटा पंचवीसच्या आत बसतात. पण मग त्या डाळीच्या डब्यात नकोत. वहीत अनुक्रमांकासह नोंद करून संग्रहात ठेवा. मी तुमच्या जागी असतो तर दहाच ठेवल्या असत्या आणि शांत झोपलो असतो.

त्या दहांतली एक मात्र बाहेर काढून उलटी करा. पाठीवर दांडीयात्रा आहे: पुढे काठी घेतलेले गांधीजी, मागे चालणारी माणसं. हे चित्र फोटोवरून नाही, शिल्पावरून आलंय. दिल्लीत सरदार पटेल मार्गावर देवीप्रसाद रायचौधुरींनी घडवलेलं 'ग्यारह मूर्ती' हे शिल्प आहे, तेच इथे उतरलं. करोडो लोकांनी हे शिल्प रोज हाताळलं आणि त्यातल्या फारच थोड्यांनी ते पाहिलं. मला या छंदात जे काही मिळालं ते याच जागी मिळालं. नोट खर्च करताना आपण आकडा वाचतो. ती खर्च करायची सोय संपली की मग चित्र दिसायला लागतं.

हजाराची नोट तुमच्या ट्रंकेतली खरी मानकरी आहे, अस्सल असेल तर. १९४६ ला मोठ्या नोटा रद्द झाल्यावर १९५४ मध्ये हजार, पाच हजार आणि दहा हजाराच्या नोटा पुन्हा आल्या. हजाराच्या पाठीवर तंजावरचं बृहदीश्वर मंदिर, पाच हजारावर गेट वे ऑफ इंडिया, दहा हजारावर अशोकस्तंभाचे सिंह. त्या काळात महिन्याला शंभर-दीडशे रुपये पगार असलेल्या माणसाने हजाराची नोट कधी हातात धरलेलीच नसायची. १९७८ मध्ये त्या रद्द झाल्या तेव्हा बहुतेक बँकेत परत गेल्या आणि नष्ट झाल्या. उरल्या त्या चुकून, विसरून किंवा भीतीने. आजोबांनी का ठेवली, हे मला विचारू नका, घरात विचारा. अशा नोटेमागची घरची हकीकत लिहून ठेवावी. ती नोटेबरोबरच संग्रहात जाते.

हजाराच्या नोटेवर ते मंदिर का असावं? राजराज चोळाने बांधलेलं हे मंदिर इ.स. १०१० मध्ये पूर्ण झालं. साठ मीटरच्या आसपास उंच विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, सगळं ग्रॅनाइट. आणि भिंतींवर कोरलेले शेकडो लेख: कुणी किती सोनं दिलं, कोणत्या गावाचं किती धान्य यायचं, दिव्याच्या तुपासाठी किती मेंढ्या लावून दिल्या, नर्तकींना कुठली घरं मिळाली. म्हणजे ते नुसतं देऊळ नाही, दगडावर लिहिलेलं जमाखर्चाचं खतावणीबुकही आहे. नोट काढणाऱ्यांच्या मनात हे होतं की नव्हतं, देव जाणे, पण चलनावर यापेक्षा चपखल इमारत मला सुचत नाही. आपल्या मराठी माणसाला तर तिथे आणखी एक ओढ आहे: त्याच मंदिराच्या भिंतीवर तंजावरचे मराठा राजे सरफोजी यांनी भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतलाय. पुढे मंदिराच्या सहस्राब्दीनिमित्त सरकारने हजार रुपयांचं स्मारक नाणंही काढलं. हजाराचा आकडा आणि हे मंदिर, दोघांची गाठ पुन्हा पडली.

गेट वेचं उदाहरण याहून मजेचं. १९११ मध्ये पंचम जॉर्ज आणि राणी मेरी मुंबईला उतरले त्याची आठवण म्हणून ती कमान. रचना जॉर्ज विटेट यांची, काम पुरं झालं १९२४ ला. फेब्रुवारी १९४८ मध्ये ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी याच कमानीखालून बोटीत बसली. आणि सहा वर्षांनी तीच कमान स्वतंत्र भारताच्या पाच हजाराच्या नोटेवर. राजाच्या आगमनाच्या आठवणीसाठी बांधलेली वास्तू ज्यांनी राजाचं चित्र नोटेवरून काढलं त्यांनीच घेतली! ही नोट माझ्याकडे नाही. परवडली नाही, आणि आता परवडेल असंही वाटत नाही. प्रदर्शनात काचेआड बघतो.

राजाचं चित्र काढलं तेव्हा त्या जागी काय आणायचं, यावरही खल झाला होता. आधी विचार गांधीजींचा होता, तशी रेखाटनंही तयार झाली होती. शेवटी एकमत झालं ते सारनाथच्या सिंहांवर. १९४९ मध्ये एक रुपयाच्या नोटेवर सिंह आले, १९५० मध्ये दोन, पाच, दहा आणि शंभरावर. गांधीजी सर्वसाधारण मालिकेत यायला १९९६ उजाडलं. मधे दोनदा ते डोकावून गेले: १९८७ च्या पाचशेच्या नोटेवर, आणि त्याआधी १९६९ मध्ये जन्मशताब्दीच्या नोटांवर. शताब्दीच्या नोटांत गांधीजी बसलेले आहेत आणि मागे सेवाग्रामचा आश्रम आहे. वर्ध्याजवळची ती मातीच्या भिंतींची, कौलारू घरं देशाच्या नोटेवर होती, हे विदर्भातल्या लोकांनाही सांगावं लागतं.

तुमच्या बाकीच्या नोटा किमतीने फारशा मोठ्या नाहीत, पण एका ओळीत मांडल्या तर देश स्वतःला कसा बघत होता ते त्यांच्यात दिसतं. पन्नाशीच्या दशकात शंभराच्या नोटेवर दोन हत्ती होते आणि दहाच्या नोटेवर शिडाचं जहाज. मग शंभरावर हिराकुड आलं. महानदीवरचं ते धरण, १९५७ मध्ये नेहरूंच्या हस्ते सुरू झालेलं. धरणं म्हणजे नवी तीर्थस्थळं मानायचा तो काळ. तुमच्या चार नोटा त्या. १९८० च्या सुमारास पुन्हा कूस बदलली: दोनाच्या नोटेवर आर्यभट्ट उपग्रह, पाचावर ट्रॅक्टर, एकावर समुद्रातला तेलाचा फलाट, विसावर कोणार्कचं चाक, दहावर मोर. एकीकडे विज्ञान आणि प्रगती, दुसरीकडे जुनी कला. एकाच्या नोटेवरचा फलाट म्हणजे 'सागर सम्राट', १९७४ मध्ये मुंबईच्या समुद्रात, ज्याला आपण बॉम्बे हाय म्हणायचो तिथे, पहिली विहीर खोदणारा. वारसा म्हटलं की आपल्याला देवळं आणि किल्ले आठवतात, पण माझ्या मते हा फलाटही वारसाच आहे. ज्या रुपयात तेव्हा चहा मिळायचा त्या रुपयावर तेलाचा शोध छापलेला होता.

कोणार्कच्या चाकाकडे भिंग घेऊन बघा. नरसिंहदेवाने तेराव्या शतकात बांधलेल्या सूर्यमंदिराला अशी चोवीस चाकं आहेत, प्रत्येक जवळपास तीन मीटर व्यासाचं. आठ जाड आरे, मधे आठ बारीक. नोटेवर हे आरे मोजता येतात, इतकं कोरीव काम नेटकं आहे. तेच चाक आता चॉकलेटी रंगाच्या नव्या दहाच्या नोटेवर आलंय. दोन्ही नोटा शेजारी ठेवून बघितल्या की चाळीस वर्षांत नोट कोरण्याची पद्धत किती बदलली ते कळतं. मला जुनी जास्त आवडते. तिच्यात चाक दगडाचं वाटतं.

चित्रांत चुकाही सापडतात, आणि संग्राहकाला चूक म्हणजे मेजवानी. पन्नासची नोट १९७५ मध्ये आली, पाठीवर संसद भवन. पहिल्या छपाईत ध्वजस्तंभ आहे पण त्यावर ध्वजच नाही! नंतर तो आला. बिनध्वजाची नोट संग्राहक वेगळी धरतात. शब्दांतही असंच. सुरुवातीच्या नोटांवर हिंदीत अनेकवचनालाही 'रुपया' छापलं होतं. वाद झाला आणि १९५३ पासून 'रुपये' ठरलं. दोन आणि दहाच्या जुन्या नोटा घेताना हा एक शब्द आधी बघायचा. आपल्याला मराठीत हा प्रश्न पडला नसता, पण नोटेवर मोठ्या अक्षरात हिंदी असतं आणि मराठी भाषांच्या पट्टीत. आजच्या नोटेच्या पट्टीत वरून आठवी ओळ मराठीची. सहावीही देवनागरीच, ती कोकणी, मधे मल्याळम. घरच्या मुलांना हे शोधायला लावा, पाच मिनिटं छान जातात.

एकाच्या गड्डीत खरा खेळ सह्यांचा आहे. एक रुपयाची नोट रिझर्व्ह बँकेची नसते, ती भारत सरकारची. म्हणून तिच्यावर 'धारकाला अदा करण्याचं वचन' नसतं आणि सही गव्हर्नरची नसून अर्थ मंत्रालयाच्या सचिवाची असते. नोटेवर वर्षही असतं, त्यामुळे लावायला सोपी. १९७६ नंतरच्या काही वर्षांच्या नोटांवर सही आहे मनमोहन सिंग यांची. पुढे १९८२ ते १९८५ मध्ये गव्हर्नर म्हणून त्यांचीच सही बाकीच्या नोटांवर आली. नव्वदीच्या सुरुवातीच्या नोटांवर मोंटेकसिंग अहलुवालिया. १९९४ मध्ये ही छपाई थांबली आणि २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाली, त्यामुळे 'एकाची नोट बंद झाली' हेही पूर्ण खरं नाही. तुमची गड्डी सलग क्रमांकांची आणि न उघडलेली असेल तर रबर काढून टाका पण क्रम मोडू नका. रबर दोन-चार वर्षांत वितळून कागदाला चिकटतं.

सह्यांचा विषय निघालाच आहे तर दोन नावं सांगतो, मराठी संग्राहकाने ती ठेवायलाच हवीत. चिंतामणराव देशमुख, महाडजवळच्या नाते गावचे, ऑगस्ट १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. सहाव्या जॉर्जच्या चित्राच्या नोटेवर त्यांची सही आहे: डोकं इंग्लंडच्या राजाचं, वचन देणारा हात रायगडचा. दुसरे भा. ना. आदारकर. १९७० मध्ये अवघे ४२ दिवस ते गव्हर्नर होते, तरी गांधी शताब्दीच्या नोटांवर त्यांची सही आली. त्याच नोटा आधीच्या गव्हर्नरांच्या, लक्ष्मीकांत झा यांच्या सहीच्याही आहेत, त्या जास्त मिळतात. चित्र एकच, सही बदलली की नोट बदलली.

तुमचं मूळ घर परभणीकडचं असं लिहिलंत, म्हणून एक सुचवतो. ट्रंकेच्या तळाशी अंथरलेले कागद फेकण्याआधी नीट बघा. निजामाच्या राज्याचं स्वतःचं कागदी चलन होतं, उस्मानिया शिक्का. जुनी माणसं 'हाली' म्हणायची. १९१८ च्या कायद्याने ते सुरू झालं आणि १९५९ पर्यंत ते पूर्ण मिटलं. सात हाली रुपयांचे सहा कलदार (म्हणजे इंग्रजी राज्यातले रुपये), हा हिशोब मराठवाड्यातल्या आजी-आजोबांना तोंडपाठ असायचा. त्या नोटांवर उर्दूबरोबर तेलुगू, कन्नड आणि मराठीही आहे. पोथीत खूण म्हणून ठेवलेली हाली नोट मी दोन घरांत स्वतः पाहिली आहे.

आता किमतीचं आणि जपणुकीचं, कारण हे दोन्ही एकाच गोष्टीवर ठरतं: कागदाची अवस्था. कोरी करकरीत नोट आणि एक घडी पडलेली नोट यांच्या किमतीत काही वेळा निम्म्याहून जास्त फरक पडतो. पाच-सहा घड्या, मळलेल्या कडा, फाटलेला कोपरा, मग तर सर्वसाधारण नोटेला दर्शनी किमतीच्या थोडंच वर मिळतं. तुमच्या ट्रॅक्टर, चाक आणि धरणाच्या नोटांना हेच लागू आहे. फोटोवरून तरी त्या हाताळलेल्या दिसतात. हजाराच्या नोटेचं गणित वेगळं, तिथे मळलेलीलाही गिऱ्हाईक असतं.

दोन दोष मात्र भारतीय नोटांना माफ असतात. एक, डावीकडे स्टेपलची भोकं. २००१ पर्यंत बँका गड्ड्या पिनांनी टोचूनच द्यायच्या, त्यामुळे त्या काळातली कोरी नोटही भोकाशिवाय क्वचितच मिळते. परदेशी संग्राहक हे बघून हबकतात. दुसरा, पांढऱ्या मोकळ्या जागेत पेनाने लिहिलेले आकडे. गड्डी मोजणाऱ्या कॅशियरची ती सवय. हा दोष पूर्ण माफ नाही, पण चालवून घेतात. ते आकडे खोडरबराने घासायला जाऊ नका.

धुणं आणि इस्त्री यांपासून तर लांबच राहा. माझी स्वतःची फसगत सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका व्यापाऱ्याकडून मी बिनध्वजाची पन्नासची नोट 'कोरी' म्हणून घेतली. घरी आणून अतिनील दिव्याखाली धरली तर कागद निळसर चमकला. नोटेचा कागद कापसाचा असतो आणि त्या उजेडात तो मंदच दिसतो. चमक आली ती धुण्याच्या पावडरीची. नोट धुऊन, दाबून, वाळवून मला विकली होती. तेव्हापासून तिरप्या उजेडात बघायची सवय लागली. अस्सल नोटेवर आकड्यांची आणि चित्राची शाई किंचित उंचावलेली असते, नखाला जाणवते. इस्त्री फिरवली की तो उठाव बसतो आणि नोट सपाट, निर्जीव दिसते. ती पन्नास मी अजून ठेवली आहे, शिकवायला उपयोगी पडते.

तुमच्या हजाराच्या नोटेला याच कसोट्या लावा, कारण तिच्या छापील नकला फार फिरतात. उठाव नखाला लागतो का, प्रकाशासमोर धरल्यावर कोऱ्या जागेत सिंहांचं पाणचिन्ह कागदाच्या आत दिसतं का, की वरून फिकट शाईने छापलंय? कागद वाजतो का? हे झाल्यावरच तज्ज्ञाकडे न्या. आणि तज्ज्ञ म्हणजे जो लगेच विकत घ्यायला बघत नाही तो.

जपणुकीत माझी दुसरी चूक लाख मोलाची ठरली. पहिली दहा वर्षं मी नोटा बाजारात मिळणाऱ्या मऊ प्लास्टिकच्या अल्बममध्ये ठेवल्या. पीव्हीसीचं ते प्लास्टिक. पावसाळ्यात पानं चिकट झाली, दुधाळ झाली आणि काही नोटांवर तेलकट डाग उतरला, तो कायमचा. पॉलिस्टरची किंवा पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं वापरा, किंमत जास्त पडते पण एकदाच. लॅमिनेशन करू नका. लॅमिनेट केलेली नोट संग्राहकाच्या लेखी संपली. चिकटपट्टीही नको. डांबरगोळ्या नोटांशेजारी ठेवू नका, त्यांची वाफ प्लास्टिकवर आणि शाईवर काय करेल सांगता येत नाही. कपाट बाहेरच्या भिंतीला लागून नसावं, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि पावसाळा संपला की एकदा सगळी पाकिटं उघडून बघायची. नोट धरायची ती कडांना, कोरड्या हाताने. आजोबांची लोखंडी ट्रंक आठवण म्हणून ठेवा, नोटा तिच्यात ठेवू नका. गंजाचा डाग जात नाही.

संग्रह कुठून सुरू करायचा, याचं उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. प्रत्येक मूल्याची, प्रत्येक सहीची, क्रमांकापाशी छापलेल्या प्रत्येक अक्षराची नोट गोळा करायला निघालात तर आयुष्य आणि भविष्य निर्वाह निधी दोन्ही पुरणार नाहीत. तुम्हाला चित्रांची ओढ आहे, तर वास्तूंचा संग्रह करा. सारनाथचे सिंह, कोणार्कचं चाक, हिराकुड, संसद भवन, श्रीनगरची शालिमार बाग जी नव्वदीच्या सुरुवातीच्या दहाच्या नोटेवर आहे, आणि तंजावर तर घरातच आहे. प्रत्येकाची एकच नोट, पण मिळेल तितकी चांगली. आधीच्या गांधीमालिकेतली विसाची नोटही घ्या: तिच्या पाठीवर नारळाच्या झाडांपलीकडे दिसतो तो अंदमानातला समुद्र, पोर्ट ब्लेअरजवळच्या (आताचं श्री विजयपुरम) नॉर्थ बेचं दीपगृह, माउंट हॅरिएटवरून दिसतं तसं. त्या डोंगराचं नाव आता माउंट मणिपूर आहे. नोटेवर मात्र जुना नजारा तसाच. सहलीला जाल तेव्हा नोट बरोबर न्या, चित्रकाराने कुठे उभं राहून बघितलं असेल ती जागा शोधा. तंजावरला मला ती सापडायला अर्धा दिवस लागला आणि पायांना चटके बसले ते वेगळेच.

मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं मुद्रासंग्रहालय आहे, खरेदीच्या आधी तिथे एक दिवस घालवा. नाशिकजवळ अंजनेरीला मुद्राशास्त्राची संशोधन संस्था आहे. तिथे भर नाण्यांवर आहे, पण बघण्याची शिस्त तिथे लागते. नाशिकचा उल्लेख आला म्हणून सांगतो: १९२८ पर्यंत आपल्या नोटा इंग्लंडहून छापून यायच्या, मग नाशिकरोडला छापखाना सुरू झाला. फाळणीनंतर १९४८ मध्ये काही महिने पाकिस्तानात चाललेल्या, 'हुकूमत-ए-पाकिस्तान' अशी अक्षरं असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या नोटाही तिथल्याच. नाशिकच्या एखाद्या जुन्या कामगाराच्या घरी गप्पांना बसायला मिळालं तर सोडू नका.

विकायचंच ठरलं तर ट्रॅक्टरच्या नोटांची घाई करू नका, त्यांचा भाव उद्याही तोच असेल. हजाराची नोट मात्र पहिल्या भेटीत कुणाला देऊ नका. लिलावांत तशा अवस्थेच्या नोटा प्रत्यक्षात कितीला गेल्या ते तीन-चार ठिकाणी बघा; मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आधी तिचे दोन्ही बाजूंचे आणि प्रकाशासमोर धरून एक असे तीन फोटो काढा. सही कुणाची आहे ते त्यात स्पष्ट दिसलं पाहिजे. क्रमांकाचे शेवटचे आकडे बोटाने झाका आणि मग मला दाखवा.